ओसरीवरची अमेरिका

आमच्या घरात अमेरिका रद्दीच्या भावाने येत असे. युद्धाच्या अखेरच्या वर्षांत आणि त्यानंतरही काही काळ नागपुरावरून ये-जा करणारे अमेरिकन सैनिक आपली साप्ताहिके आगगाडीत किंवा कामठीच्या छावणीत टाकून जात. ती फिरत फिरत सीताबर्डीवरच्या एका रद्दीवाल्याकडे पोहोचत. कागद गुळगुळीत असल्यामुळे पुड्या बांधायला तो निरुपयोगी होता, म्हणून रद्दीवाला तो गठ्ठा माझ्या वडिलांसाठी राखून ठेवी. त्या गठ्ठ्यातून वडिलांना एक आख्खा देश मिळाला, आणि त्या देशाचा त्रास मला झाला.

वडील वकील. दर रविवारी सकाळी धंतोलीतल्या आमच्या घराच्या ओसरीवर ते आरामखुर्चीत बसत आणि समोरच्या बाकावर त्यांचे बालमित्र, निवृत्त हेडमास्तर. या दोघांमध्ये अमेरिकेचे राजकारण चाले. तिथल्या नटनट्यांची रंगीत पाने वडील न बघता उलटत. त्यांना हवे असत ते सरकारविरोधी लेख. चार वेळा निवडून आलेल्या अध्यक्षांवर आणि त्यांच्या मागून आलेल्या कारभारावर टीका करणारे, जुन्या वळणाचे अमेरिकन लेखक त्यांना या गठ्ठ्यात सापडले होते, आणि दूरदेशी हरवलेले सख्खे भाऊ सापडावेत तसा त्यांना आनंद झाला होता.

हे लेखक जे म्हणत ते मी इतक्या वेळा ऐकले आहे की मला ते पाठ झाले. मंदीच्या दिवसांत सरकारने लोकांच्या चुलीपाशी हात घातला तो परत काढला नाही. कोणीही दोनदाच अध्यक्ष व्हायचे ही पूर्वापार रीत एका माणसाने मोडली. युद्धात बायका कारखान्यांत गेल्या, विजारी घालू लागल्या, आणि आता पुरुष परत आले तरी घरी जायला तयार नाहीत. संपावर संप होत आहेत. एका वाळवंटी प्रांतात काही आठवडे मुक्काम केला की घटस्फोट हातात पडतो.

“पाहा मास्तर,” वडील चष्मा वर करून म्हणत, “हे मी म्हणत नाही. त्यांच्यातलेच शहाणे लोक म्हणताहेत.”

“म्लेंच्छात शहाणे आणि वेडे असा भेद तुम्हीच करता वकीलसाहेब,” हेडमास्तर म्हणत. “आम्हाला सगळे एकाच रंगाचे दिसतात.”

“तुमची नजर अधू आहे त्याला मी काय करू?”

हा वाद वर्षानुवर्षे चालला असता तरी माझी हरकत नव्हती. पण त्या वर्षी माझा प्रश्न त्यात अडकला. मी रसायनशास्त्रात एम. एस्‌सी. झाले होते, कॉलेजात प्रात्यक्षिके घेत होते, आणि अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाने मला पुढच्या संशोधनासाठी जागा दिली होती. फीमाफी आणि प्रयोगशाळेत मदतनिसाचे काम, म्हणजे पोटाची सोयही झालेली. पावसाळ्यात मुंबईहून जहाज पकडायचे होते. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे परवानगी द्यायची ती वडिलांनीच. त्यांच्या होकाराशिवाय निघणे कायद्याने कदाचित शक्य असेल, पण आमच्या घरात ते शक्य नव्हते, आणि खरे सांगायचे तर मला ते तसे करायचेही नव्हते.

वडील नाही म्हणत नव्हते. नाही म्हटले असते तर मी त्याला उत्तर दिले असते. ते रोज सकाळी एखादे साप्ताहिक घेऊन यायचे आणि म्हणायचे, “तुझ्या अमेरिकेत काय झालं बघ.”

त्या दिवसापासून अमेरिका माझी झाली. तिथले सगळे घटस्फोट माझे. कोळशाच्या खाणीतला संप माझा. कोणा नटीने चौथे लग्न केले तर जेवताना माझ्या पानात तूप वाढायच्या आधी मला त्याचा जाब द्यावा लागे.

“बाबा, ज्या गोष्टी नेहमी घडत नाहीत त्याच वर्तमानपत्रात येतात,” मी एकदा म्हटले. “खाणीतल्या मँगनीजचं प्रमाण काढायचं तर मी सगळ्यात चकाकणारा दगड उचलत नाही. ढिगाच्या सगळ्या बाजूंनी नमुना घेते.”

“तुझे दगड तुझ्या प्रयोगशाळेत ठेव,” वडील म्हणाले. “मी साक्षीपुराव्यावर चालणारा माणूस आहे. अमेरिकन माणूस स्वतःच्या देशाविरुद्ध साक्ष देतो आहे, याहून बळकट पुरावा कोणता?”

मला सगळ्यात जास्त चीड आली ती याची, की त्या लेखकांचे सगळे म्हणणे मला चूक वाटत नव्हते. रेशनच्या दुकानापुढे आम्हीही उभे राहत होतो. कापडाचा परवाना, धान्याचा परवाना, रॉकेलचा परवाना. युद्ध संपले तरी परवाने देणाऱ्या कचेऱ्या संपल्या नव्हत्या, उलट त्यांना नव्या पाट्या लागत होत्या. सरकारचा पसारा एकदा वाढला की आवरत नाही, हे सांगायला मला अमेरिकन संपादकाची गरज नव्हती. पण या विधानावरून एका मुलीने उच्च तापमानाला धातूंच्या संयुगांचे काय होते याचा अभ्यास करू नये, हे अनुमान कसे निघते? मधल्या पायऱ्या कुठे आहेत? मी विचारी, आणि हेडमास्तर तपकीर ओढून म्हणत, “पोर हुशार आहे हो. म्हणूनच काळजी.”

तेव्हा मी ठरवले की वडिलांचा पुरावा वडिलांसमोरच उभा करायचा.

कन्हान नदीच्या पलीकडे मँगनीजच्या खाणींत यंत्रे बसवायला एक अमेरिकन इंजिनिअर आले होते. खाणीतल्या नमुन्यांची परीक्षा आमच्या प्रयोगशाळेत होत असे, आणि त्यानिमित्ताने त्यांची माझी ओळख झाली. पन्नाशी उलटलेले, लांबोडके, उन्हाने तांबूस झालेले गृहस्थ. मूळचे शेतकऱ्याचे चिरंजीव. माझ्या विद्यापीठाचे नावही त्यांनीच सुचवले होते, कारण ते त्यांच्याच प्रांतातले. विशेष म्हणजे ते त्या चार वेळा निवडून आलेल्या अध्यक्षांचे कट्टर विरोधक होते. दर रविवारी खाणीवरच्या बंगल्यात एकटेच बायबल वाचत, दारूला स्पर्श करत नसत, आणि तिथल्या सरकारबद्दल ते जे बोलत ते ऐकून मला सारखे वाटे की मी आमच्या ओसरीवर उभी आहे. अमेरिकेला शिव्या देणारा अमेरिकनच वडिलांना विश्वासार्ह वाटणार होता. असा माणूस मला विनासायास मिळाला होता.

वडिलांना कल्पना आवडली. “जेवायलाच बोलाव,” ते म्हणाले.

आता प्रश्न आत्याचा होता. वडिलांची ही धाकटी बहीण बालविधवा होऊन आर्वीकडच्या सासरहून परत आली ती आमचे स्वयंपाकघर सांभाळत राहिली. तिचे सोवळे कडक होते. दिवसातून एकदाच जेवायची, तेही घरातल्या सर्वांची पाने उठल्यावर.

“साहेब जेवाले येऊन राहिला?” तिने विचारले. “काहून वं? त्याच्या घरी चूल नाही का?”

“माझ्यासाठी येतो आहे, आत्या. माझं अमेरिकेला जाणं त्याच्यावर अवलंबून आहे.”

“मग वाढीन. पण बैठकीतच बसवा. अन् पत्रावळीवर वाढा, म्हंजे उष्ट्याची कटकट नाही, उचलली की गाईपुढं.”

पत्रावळ वडिलांना मान्य झाली नाही. “माझा पाहुणा पत्रावळीवर? लग्नातली पंगत आहे काय?” कोर्टातले साहेबलोक आले तर लागावीत म्हणून बैठकीच्या कपाटात चिनीमातीची ताटे होती. ती आत कधी जात नसत. बाहेरच वापरायची, मोलकरणीने अंगणात घासायची, परत कपाटात. त्यातले एक काढायचे ठरले. पत्रावळीचे आत्याने सुचवले होते, हे मी इथे मुद्दाम नमूद करून ठेवते.

मी पाहुण्यांना प्रयोगाआधी सूचना द्याव्यात तशा सूचना दिल्या. बूट ओसरीखाली काढायचे. उजव्या हातानेच जेवायचे. वाढणाऱ्याच्या हाताला हात लावायचा नाही. पाणी पिताना भांडे ओठाला लावले तरी चालेल, ते भांडे वेगळे आहे. पाहुणे गंभीरपणे ऐकत होते. मला वाटले की सगळ्या शक्यता मी मोजल्या आहेत.

रविवार उजाडला. उन्हाळा ऐन भरात होता, दारांना वाळ्याच्या ताट्या लावल्या होत्या आणि त्यांच्यावर पाणी मारले की बैठकीत ओला सुवास पसरत होता. हेडमास्तरांना वडिलांनी आज येऊ नका असे मुद्दाम कळवले होते. पाहुणे पाटावर गुडघे दुमडून बसले, वडील समोरच्या पाटावर. मी वाढत होते. गोळाभात, त्यावर कडकडीत फोडणीचे तेल, कढी, कुरड्या, आमरस.

संभाषण इंग्रजीत होते आणि ते माझ्या अपेक्षेपेक्षाही चांगले चालले. वडिलांनी पहिलाच प्रश्न केला, “दोनदाच अध्यक्ष व्हायचं असा कायदा होता काय?”

“नाही,” पाहुणे म्हणाले. “रीत होती. पहिल्या अध्यक्षापासूनची. आमच्या घरी वडील म्हणत, कायदा मोडणाऱ्याला तुरुंगात टाकता येतं, रीत मोडणाऱ्याचं काहीच करता येत नाही, म्हणून रीत जास्त जपावी.”

वडिलांनी आमरसाची वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. ऐकलेस?

मग पाहुण्यांनी एक गोष्ट सांगितली. मंदीत शेतमालाचे भाव पडले. भाव वर यावेत म्हणून सरकारने शेतकऱ्यांना पैसे देऊन उभी पिके नांगरून टाकायला लावली आणि डुकरांची लहान पिल्ले मारायला लावली. शहरांत लोक भाकरीसाठी रांगा लावून उभे असताना. “माझ्या बापानं ते पैसे घेतले नाहीत,” ते म्हणाले. “अन्न नासवणं पाप आहे, मग ते कोणत्याही सरकारनं सांगितलेलं असो. त्या दिवसापासून आमच्या घरातलं कोणीही त्या पक्षाला मत देत नाही.”

“अन्न हे पूर्णब्रह्म,” वडील म्हणाले, आणि त्याचा अर्थ इंग्रजीत समजावून सांगितला. डुकरांचा उल्लेख त्यांनी सोयीने विसरून टाकला.

स्त्रियांचा विषय निघाला. कारखान्यातल्या बायकांनी आता घरी जावे, असे पाहुण्यांचे ठाम मत होते. वडिलांनी मान डोलावली. “आणि कॉलेजात?” त्यांनी विचारले, माझ्याकडे न बघता.

पाहुणे गोंधळले. “कॉलेजात काय? आमच्या प्रांताचं विद्यापीठ शेतकऱ्यांनीच मागून घेतलेलं आहे. माझी आई तिथं शिकली. थोरली बहीण तिथंच रसायन शिकली आणि शाळेत शिकवते. ही नवी गोष्ट नाही. जुनीच आहे.”

जुनी. या एका शब्दाने माझे जेवढे काम झाले तेवढे माझ्या महिनाभराच्या युक्तिवादांनी झाले नव्हते. वडिलांची मुद्रा एखाद्या प्रतिकूल साक्षीदाराने अचानक अनुकूल उत्तर द्यावे तशी झाली.

एक क्षण मात्र अवघडलेला गेला. वडिलांनी सहज विचारले, की तुमच्याकडे काळ्या लोकांना आगगाडीत वेगळ्या डब्यात बसवतात ते खरे काय. पाहुण्यांचा चेहरा बंद झाला. “ते दक्षिणेकडे,” ते म्हणाले. “आमच्या प्रांतात नाही. ज्याचं त्यानं बघावं.” वडिलांनी हेही समजूतदारपणे मान्य केले. पाहुण्यांसमोर वेगळे ताट, वेगळे भांडे होते. मी कढी वाढायला वाकले. त्या दिवशी मला होकार हवा होता.

जेवण संपता संपता पाहुणे आपल्या लहानपणाबद्दल बोलू लागले. सरकारची काय गरज, जर प्रत्येक जण आपले काम आपल्या हाताने करील तर? त्यांच्या आईने सगळ्या मुलांना एकच नियम शिकवला होता, की आपल्यामागे दुसऱ्याला आवरायला काही ठेवायचे नाही.

“उत्तम!” वडील म्हणाले. “ही खरी जुनी शिकवण.”

असे म्हणून ते हात धुवायला अंगणात गेले आणि मी त्यांच्या हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन मागे गेले. तेवढ्यात आतून आत्याचा आवाज आला. आत्या कधी ओरडत नसे.

“अरे बापा! हा आत येऊन राहिला नं!”

आम्ही धावलो. पाहुणे स्वयंपाकघराच्या आत, चुलीपासून दोन पावलांवर उभे होते. बूट नव्हते, उजव्या हातानेच जेवलेले होते, आणि दोन्ही हातांत आपले उष्टे चिनीमातीचे ताट वाटीसकट नीट धरून ते खाणीवरच्या हिंदीत अदबीने विचारत होते, “बाई, किधर रखूँ?”

आत्या भिंतीला पाठ लावून उभी. हातात पळी.

मी सगळे सांगितले होते, हे सोडून. सांगायचे सुचलेच नव्हते. जेवल्यावर आपले ताट आपण उचलू नये हे पाहुण्याला सांगावे लागते, ही गोष्ट आमच्या घरात कोणाच्याही मनात येणे शक्य नव्हते, कारण आमच्या घरात कोणत्याही पुरुषाने आपले ताट कधी उचलले नव्हते. जे कधी घडलेच नाही ते मनाई करायच्या गोष्टींत कसे येणार?

“बाहेर!” वडील इंग्रजीत म्हणाले, मग स्वतःला सावरून, “कृपया बाहेर या.”

पाहुणे बाहेर आले. पण ताट कुठे ठेवायचे? आत नाही, माजघरात नाही, जमिनीवर ठेवले तर जमीन सारवावी लागेल. काय चुकले ते न कळून ते ताट धरून बैठकीच्या मधोमध उभे राहिले. शेवटी मी ते त्यांच्या हातातून घेतले आणि अंगणातल्या मोरीत नेऊन ठेवले.

मागे आत्याचे काम सुरू झाले होते. भात, कढी, रस, पिण्याच्या पाण्याच्या घागरी. पाणी परसात ओतले जात होते, भात गाईसाठी टोपलीत जात होता. परवान्यावर मिळालेला तांदूळ. पाहुण्यांना ओसरीवरून ते दिसत होते. मी त्यांना सोवळे म्हणजे काय ते समजावून सांगितले. सांगताना मला माझ्याच वाक्यांची लाज वाटत होती आणि पाहुण्यांचा रागही येत होता, कारण आपण या घरात काय उलटून ठेवले याची त्यांना अजूनही पुरती कल्पना नव्हती.

“टाकून देतात?” ते म्हणाले. एवढेच. मारलेल्या पिल्लांचा उल्लेख त्यांनी पुन्हा केला नाही, पण वडील मागेच उभे होते आणि त्यांनी ते ऐकले.

“तुमच्या आत्यांचं जेवण झालं होतं का?” पाहुण्यांनी विचारले.

“नाही. त्या शेवटी जेवतात. आता उद्या.”

पाहुणे ओसरीच्या पायरीवर बसले. त्यांनी एक बूट घातला आणि दुसरा हातातच राहिला. त्या जेवत नाहीत तोवर मीही जेवणार नाही, असे त्यांनी आत कळवायला सांगितले.

मी आत जाऊन सांगितले. आत्या दुसऱ्यांदा आंघोळ करून ओल्या केसांनी बसली होती. “त्याले म्हणा नाटकं करू नको, घरी जाय,” ती म्हणाली.

“आत्या, त्यानं काय बिघडलं? भात तोच, पाणी तेच. मी दाखवते तुला तपासून.”

“तुझ्या परीक्षानळीत देव येते का वं?” मग थोडे थांबून, पदराने मान पुसत ती म्हणाली, “इतकी वर्षं झाली, या घरात कोण्या बाप्यानं मले विचारलं नाही का ताट कुठं ठेवू. एकानं विचारलं, तर त्यानं सारं बाटवूनच ठेवलं!”

मी ओसरीवर जाऊन पाहुण्यांना तिचा निरोप सांगितला. 

संध्याकाळी वडिलांनी निकाल दिला. “ज्या देशातला सनातनी माणूस थेट चुलीपर्यंत येतो,” ते म्हणाले, “त्या देशातला सुधारक कुठपर्यंत येत असेल? विषय संपला.”

मी विचारले की त्यांच्या जुन्या शिकवणीचे काय झाले. दुपारीच आपण तिला उत्तम म्हणालात. वडिलांनी वाळ्याच्या ताटीवर पाणी मारायला सांगितले.

आठवडाभर घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. आत्या माझ्यावर नाराज, कारण पाहुणा माझा. वडील माझ्यावर नाराज, कारण अमेरिका माझी. मी दोघांवर आणि स्वतःवर. प्रयोगशाळेत मी द्रावणे तापवत असे आणि विचार करत असे की दोन माणसे रीतीवर, घरावर, अन्नावर, सरकारवर, सगळ्यावर एकाच मताची असू शकतात आणि तरीही त्यांचे एका ताटावरून फाटू शकते. कारण दोघेही ‘जुने’ हा एकच शब्द वापरतात आणि ज्याची त्याची जुनी गोष्ट ज्याच्या त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात असते. हा निष्कर्ष मला बरोबर वाटला. त्याचा मला काही उपयोग नव्हता.

पुढच्या रविवारी हेडमास्तर आले ते बातमी घेऊनच. धंतोलीत सर्वांना कळले होते.

“काय वकीलसाहेब,” बाकावर टेकता टेकता ते म्हणाले, “तुमचे ते शहाणे म्लेंच्छ शेवटी चुलीत शिरले म्हणे?”

मी आतून चहाचा ट्रे घेऊन येत होते. दारातच थबकले.

“चुलीत नाही. स्वयंपाकघरात,” वडील म्हणाले.

“मी म्हणत होतो. सगळे एकाच रंगाचे. उष्टं घेऊन घरभर फिरायचं, ही त्यांची संस्कृती!”

वडिलांची पाठ ताठ झाली. मी ती कोर्टात पाहिली आहे. प्रतिपक्षाने अर्धे सत्य सांगितले की ती अशी होते.

“उष्टं घेऊन फिरत नव्हते. आवरत होते. तुमच्या गुरुकुलात शिष्यांची पात्रं कोण घासायचं? गुरुपत्नी?”

“ते शास्त्र वेगळं.”

“शास्त्र वेगळं कसं? तुम्ही तीस वर्षं पोरांना स्वावलंबनावर निबंध लिहायला लावलेत. त्या माणसाला त्याच्या आईनं ते ताटासकट शिकवलं आहे. तुमच्यातल्या एकाला तरी आलं का? मला आलं का?”

“अहो, पण घर बाटलं!”

“बाटलं ते आमच्या नियमानं. त्याच्या नियमानं तो चुकला नाही. आरोपीचा हेतू बघायचा असतो मास्तर, नुसतं कृत्य नाही. आणि ऐका, बहीण उपाशी राहिली म्हणून तो माणूस संध्याकाळपर्यंत आमच्या पायरीवर उपाशी बसला. तुम्ही बसला असता?”

पाहुणे पोटभर जेवून बसले होते आणि तासाभरात आत्याच्या हुकमाने उठूनही गेले होते. पण वकिलाला मध्ये थांबवू नये एवढे मला कळत होते. वडिलांनी आता त्या माणसाचे वकीलपत्र घेतले होते, आणि एकदा घेतलेले वकीलपत्र ते शेवटपर्यंत सोडत नसत, मग पक्षकाराने मागितलेले असो वा नसो. त्याची आई, त्याची शिकलेली बहीण, सरकारचे पैसे न घेणारा त्याचा बाप, रविवारचे बायबल, दारू वर्ज्य, सगळे एकामागून एक बाहेर आले. तो प्रांत जणू वडिलांचे आजोळ होते. इतके जुने, इतके धर्मभीरू, इतके मर्यादशील लोक नागपुरात शोधून सापडायचे नाहीत, इथपर्यंत मजल गेली.

हेडमास्तर चिडले. “इतकं सोनं आहे तिथं, तर मग धाडा की मुलीला!”

“धाडतोच!” वडील गरजले.

 हेडमास्तरांनी तपकिरीची डबी उघडली आणि तशीच मिटली. वडील थोडा वेळ आपल्याच शब्दाकडे पाहत असल्यासारखे समोर बघत राहिले. तो परत घेणे म्हणजे खटला हरणे होते, आणि तोही हेडमास्तरांसमोर. “पावसाळ्यात जहाज आहे,” ते शेवटी म्हणाले. “तयारीला लागलं पाहिजे.”

मी ट्रे धरून दारात उभी होते. माझी पदवी, माझे प्रयोग, माझे मुद्दे, नमुन्यांच्या ढिगाचे माझे उदाहरण, कशाचाही या निकालात हात नव्हता. मला कोणी विचारलेही नव्हते. एका म्हाताऱ्याला दुसऱ्या म्हाताऱ्याविरुद्ध वाद जिंकायचा होता, म्हणून मी अमेरिकेला निघाले होते. याचा आनंद मानायचा की संताप, ते मला त्या क्षणी ठरवता आले नाही.

मी पुढे होऊन दोघांना चहा दिला. वडिलांनी तो घाईघाईने प्यायला, साप्ताहिकांचा नवा गठ्ठा मांडीवर ओढला, आणि वर न बघता रिकामा कप माझ्या दिशेने बाजूला धरला.

मी तो घेतला. जहाजाला अजून अवकाश होता.